14 संगणक, 2 जावा आणि अर्धा कापलेला पाथ: बेळगावच्या एका लॅबमधलं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगाव शहरातली एक प्रशिक्षण संस्था. लॅबमध्ये 14 संगणक, सगळ्यांवर विंडोज 11 आणि 8 जीबी रॅम. प्रत्येक संगणकावर दोन लॉगिन होती. ॲडमिनच्या लॉगिनचा पासवर्ड फक्त शिकवणाऱ्या मॅडम आणि लॅब सांभाळणारे अण्णा यांच्याकडे असे; मुलांसाठी ‘स्टुडंट’ नावाचं साधं लॉगिन होतं. मुलं खानापूर, निपाणी, संकेश्वर, हुक्केरी अशा गावांतून रोज ये-जा करणारी. संध्याकाळची बस चुकवून चालत नाही, त्यामुळे लॅबचा वेळ मोजकाच.

प्रकल्प असा: खानापूर तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रासाठी मोबाइल ॲप. सकाळ-संध्याकाळचं दूध, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर आणि दहा दिवसांचं बिल एवढी नोंद ठेवायची. पडद्यावरचा मजकूर मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत हवा होता. साधन म्हणून रिॲक्ट नेटिव्ह, म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये मोबाइल ॲप लिहिण्याची चौकट, निवडलं. 8 जीबी रॅमवर एम्युलेटर (संगणकातला नकली फोन) चालवण्यात अर्थ नव्हता, म्हणून चाचणी यूएसबीने जोडलेल्या फोनवरच करायची असं ठरलं.

संगणकांवर जावा 8 आधीपासून होता. दुसरा एक वर्ग त्यावर जुना डेस्कटॉप प्रोग्रॅम चालवायचा, त्यामुळे तो काढता येणार नव्हता. नव्या कामाला जावा 17 हवा होता, कारण कोडपासून ॲप तयार करणाऱ्या ग्रॅडल या साधनाला लागणाऱ्या अँड्रॉइड ग्रॅडल प्लगिनच्या 8 व्या आवृत्तीपासून त्याखालचा जावा चालत नाही. म्हणून दोन्ही जावा एकाच संगणकावर राहणार होते.

कोणतं साधन कुठल्या फोल्डरात आहे, अशी माहिती विंडोज व्हेरिएबलमधून प्रोग्रॅमना पुरवतं. या लेखात व्हेरिएबलची नावं जावा_होम, अँड्रॉइड_होम अशी देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात ती इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, मधे अंडरस्कोर देऊन टाइप करायची असतात.

अडचण

मॅडमनी पहिल्या संगणकावर ॲडमिन लॉगिनमधून अँड्रॉइड स्टुडिओ (अँड्रॉइड ॲप बनवण्याचा प्रोग्रॅम) टाकला, प्रकल्प उघडला, बिल्ड केला, म्हणजे कोडपासून ॲप तयार केलं. फोनवर ॲप दिसलं. मग त्याच प्रकल्पासाठी व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या प्रोग्रॅमच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड देण्याच्या खिडकीत, रिॲक्ट नेटिव्हची ‘रन-अँड्रॉइड’ कमांड दिली, तर जावा जुना असल्याचा एरर. शेजारी उभ्या असलेल्या मुलाने नेमका प्रश्न विचारला: “मॅडम, स्टुडिओत चालतंय की. इथं का चालंना?”

त्याचं उत्तर तेव्हाच शोधलं असतं तर पुढचे दोन दिवस वाचले असते. अँड्रॉइड स्टुडिओ स्वतःबरोबर स्वतःचा जावा घेऊन येतो, स्टुडिओच्या फोल्डरातल्या ‘जेबीआर’ नावाच्या उपफोल्डरात. स्टुडिओतून बिल्ड केलं की सहसा तोच वापरला जातो; सेटिंग्जमध्ये बिल्ड टूल्स, मग ग्रॅडल, मग ‘ग्रॅडल जेडीके’ इथे ते दिसतं. टर्मिनलमधून चालणारी ‘ग्रॅडलडब्ल्यू’ फाइल स्टुडिओला विचारत नाही. ती आधी जावा_होम पाहते. ते नसेल तर पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, पहिला जो जावा सापडेल तो उचलते. या लॅबमध्ये जावा_होम कुठेच नव्हतं, आणि पाथच्या सुरुवातीलाच जावा 8 च्या इन्स्टॉलरने टाकलेला ‘जावापाथ’ फोल्डर होता.

म्हणजे ‘कोणता जावा?’ या एका प्रश्नाला संगणकात तीन ठिकाणांहून उत्तर मिळत होतं: स्टुडिओची सेटिंग, जावा_होम आणि पाथ. पुढच्या प्रत्येक गोंधळाचं मूळ इथेच होतं.

मुलांनी जावा_होम तयार केलं, पण किंमत दिली जेडीके-17 च्या, म्हणजे जावा 17 च्या संचाच्या, आतल्या ‘बिन’ फोल्डरची. ग्रॅडल स्वतःच मागे ‘बिन’ जोडून जावा शोधतो, त्यामुळे ‘जावा_होम चुकीच्या फोल्डरकडे आहे’ असा एरर आला. ‘बिन’ काढल्यावर ते बरोबर झालं. पण खात्रीसाठी मुलांनी ‘जावा -व्हर्जन’ कमांड दिली आणि तिने पुन्हा 1.8 दाखवलं. मुलांना वाटलं, अजून बसलंच नाही. मग जावा 17 काढला, परत टाकला, परत तेच.

‘जावा -व्हर्जन’ ही कमांड जावा_होमकडे बघतच नाही. ती फक्त पाथ तपासते. ग्रॅडल कोणता जावा घेतोय हे पाहायचं असेल तर प्रकल्पाच्या ‘अँड्रॉइड’ फोल्डरात जाऊन ‘ग्रॅडलडब्ल्यू --व्हर्जन’ द्यायची. त्यात जेव्हीएमची, म्हणजे वापरात असलेल्या जावाची, ओळ असते. ती ओळ त्या दिवशी पाहिली असती तर 17 दिसला असता. दुरुस्ती झालेली होती, तपासणी मात्र भलत्याची चालू होती.

याच वेळी आणखी दोन गोष्टींनी दिशाभूल केली. व्हीएस कोडचं टर्मिनल विंडोजवर मुळात पॉवरशेल (विंडोजचं नव्या पद्धतीचं टर्मिनल) असतं. तिथे ‘इको %जावा_होम%’ दिलं की तीच अक्षरं जशीच्या तशी परत छापून येतात, कारण टक्क्याच्या खुणा ही सीएमडीची, म्हणजे विंडोजच्या जुन्या टर्मिनलची, भाषा. पॉवरशेलमध्ये ‘$एन्व्ह:जावा_होम’ असं विचारावं लागतं. ‘वेअर’ कमांडचंही तसंच: पॉवरशेलमध्ये ते दुसऱ्याच कमांडचं टोपणनाव आहे, म्हणून ‘वेअर.ईएक्सई’ असं पूर्ण लिहिल्याशिवाय फाइल कुठे आहे ते कळत नाही. दुसरं म्हणजे, उघडं असलेलं टर्मिनल जुन्याच किमती धरून बसतं. चालू प्रोग्रॅमला व्हेरिएबल सुरू होतानाच मिळतात. व्हीएस कोडमध्ये नुसती नवी टर्मिनल खिडकी उघडून भागत नाही, अख्खा व्हीएस कोड बंद करून परत उघडावा लागतो.

दुरुस्तीने केलेलं नुकसान

दुसऱ्या दिवशी ‘एडीबी’, म्हणजे संगणकावरून फोनशी बोलणारी कमांड, सापडेना. फोन जोडलेला, यूएसबी डिबगिंग चालू, पण कमांड ओळखली जात नव्हती. एका मुलाने कुठल्याशा व्हिडिओत पाहिलेली ओळ वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली: ‘सेटएक्स पाथ’, पुढे अवतरणात जुना %पाथ%, अर्धविराम आणि प्लॅटफॉर्म-टूल्सचा, म्हणजे एडीबी असलेल्या फोल्डरचा, पत्ता. ‘सेटएक्स’ ही व्हेरिएबलची किंमत कायमची लिहिणारी कमांड. 6 संगणकांवर ती स्टुडंट लॉगिनमधून चालवली गेली. सातव्यावर अण्णांनी ॲडमिन म्हणून, शेवटी ‘/एम’ लावून, म्हणजे सिस्टिमच्या पाथवर, चालवली.

‘सेटएक्स’ 1024 अक्षरांच्या पुढचं कापून टाकतं. तशी सूचना पडद्यावर येते, पण तिच्या खालच्याच ओळीत ‘सक्सेस’ असं येतं आणि डोळा तिथेच थांबतो.

स्टुडंट लॉगिनवर काय झालं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. टर्मिनलमधला %पाथ% म्हणजे सिस्टिमचा पाथ आणि त्यामागे जोडलेला त्या लॉगिनचा पाथ, असा दोन्ही मिळून असतो. कमांडने ते सगळं गाठोडं एकट्या लॉगिनच्या पाथमध्ये लिहिलं आणि 1024 ला कापलं. शेपटीला होत्या लॉगिनच्या स्वतःच्या नोंदी, म्हणजे व्हीएस कोडची आणि एनपीएमची (जावास्क्रिप्टची पॅकेजं उतरवणारं साधन), त्या गेल्या. आणि अगदी शेवटी होती ती नवी प्लॅटफॉर्म-टूल्सची नोंद. जी जोडण्यासाठी एवढा खटाटोप केला, तीच सगळ्यात आधी कापली गेली. सिस्टिमचा पाथ मात्र शाबूत राहिला, म्हणून नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा) आणि गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा) चालू होते.

सातव्या संगणकावर सिस्टिमचाच पाथ कापला गेला. नोड आणि गिट नंतर टाकलेले असल्याने शेवटी होते, दोन्ही गायब. मूळ पाथची नोंद कुणीच ठेवलेली नव्हती.

तो वाचला एका उघड्या खिडकीमुळे. सकाळपासून त्या संगणकावर मेट्रो, म्हणजे कोड एकत्र बांधून फोनला देणारा रिॲक्ट नेटिव्हचा बंडलर, एका काळ्या सीएमडी खिडकीत चालू होता. ती खिडकी पाथ कापला जाण्याच्या आधी उघडलेली, म्हणजे तिच्यात जुना पाथ पूर्ण शिल्लक. मॅडमनी संगणक रिस्टार्ट करायला निघालेल्या अण्णांना थांबवलं, कंट्रोल-सी दाबून मेट्रो बंद केला आणि त्याच खिडकीत ‘इको %पाथ%’ देऊन उत्तर डी ड्राइव्हवर एका टेक्स्ट फाइलमध्ये वळवलं. त्या फाइलमधून ॲडमिन लॉगिनच्या स्वतःच्या नोंदी वगळून बाकीच्या एकेक करून सिस्टिमच्या पाथमध्ये परत भरल्या. रिस्टार्ट झाला असता तर शेजारच्या संगणकावरून अंदाजाने पाथ जुळवावा लागला असता.

पर्याय

तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडम आणि अण्णा कामाला हात न लावता बसले आणि पर्याय मांडले.

सगळं काढून नव्याने टाकावं, हा अण्णांचा पहिला विचार. तो सोडून दिला, कारण प्रोग्रॅम काढला तरी हाताने केलेली व्हेरिएबल तशीच राहतात. नव्या इन्स्टॉलेशनवर जुनाच रोग आला असता, आणि 14 संगणकांवर काही जीबींची डाउनलोडही पुन्हा करावी लागली असती.

प्रकल्पाच्या ‘ग्रॅडल.प्रॉपर्टीज’ फाइलमध्ये जावा 17 चा पत्ता लिहिणं शक्य होतं. पण ती फाइल गिटमधून सगळीकडे जाते, आणि घरच्या लॅपटॉपवर जावा दुसऱ्याच फोल्डरात असणाऱ्या मुलांचं बिल्ड त्यामुळे बंद पडलं असतं.

एक बॅच फाइल करायची, जी तेवढ्या खिडकीपुरती व्हेरिएबल लावून टर्मिनल उघडेल, हा मधला मार्ग होता. ॲडमिन पासवर्ड लागत नाही, कायमचं काही बिघडत नाही. वाईट बाजू एवढीच की मूल नेहमीच्या टर्मिनलमध्ये शिरलं की पुन्हा तोच एरर. पक्की दुरुस्ती होईपर्यंत दीड दिवस हीच फाइल वापरली, आणि तेवढ्यापुरती ती उत्तम ठरली.

शेवटी निवडलं ते सिस्टिम पातळीवर दोन व्हेरिएबल लावणं. त्यातला खरा निर्णय जावा 17 ला पाथमध्ये वर चढवायचं की नाही हा होता. वर चढवलं तर ‘जावा -व्हर्जन’ छान 17 दाखवतं, सगळ्यांचं समाधान होतं. पण जुना डेस्कटॉप प्रोग्रॅम पाथमधला जावाच वापरत होता. त्याची सुरुवातीची बॅच फाइल उघडून हे पाहून घेतलं, ती जावा_होमला हात लावत नव्हती. म्हणून पाथ जावा 8 कडेच ठेवायचा, जावा_होम 17 कडे न्यायचं, असं ठरलं. दोन वर्ग, दोन वाटा. ॲपच्या सहीची की बनवणाऱ्या ‘कीटूल’साठी मात्र जावा_होमच्या ‘बिन’मधला पूर्ण पत्ता द्यायचा, हे फळ्यावर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून ठेवलं.

केलेली कामं

पहिलं काम, दुरुस्तीच्या आधी नोंद. प्रत्येक संगणकावर रजिस्ट्रीतला (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातला) लॉगिनचा आणि सिस्टिमचा असे दोन्ही ‘एन्व्हायर्नमेंट’ भाग एक्स्पोर्ट करून पेन ड्राइव्हवर घेतले. एका संगणकाला जेमतेम दोन मिनिटं लागली.

मग एसडीके, म्हणजे अँड्रॉइड ॲप बनवायच्या साधनांचा संच. मॅडमच्या लॉगिनमधून टाकल्यामुळे तो त्यांच्याच ‘ॲपडेटा’ फोल्डरात, लोकल, अँड्रॉइड, एसडीके असा आत दडलेला होता. दुसऱ्या लॉगिनला तिथे शिरता येत नाही. म्हणून नुसतं अँड्रॉइड_होम तिकडे वळवून मुलांचं काम होणार नव्हतं. एसडीके ‘डी:\अँड्रॉइड\एसडीके’ इथे हलवला. पत्त्यात कुठेही रिकामी जागा नको, एनडीकेची (सी, सी++ मधल्या कोडसाठीच्या संचाची) साधनं त्यावर अडतात. ‘लायसन्सेस’ हा छोटा फोल्डरही बरोबर गेला पाहिजे. परवानग्या मान्य केल्याची नोंद त्यातच असते.

मुलांना त्या फोल्डरात लिहिण्याची मुभा द्यावी का? दिली तर ग्रॅडल हवा तो भाग स्वतः उतरवून घेतो, पण कुणाच्या तरी प्रकल्पामुळे 14 ठिकाणी 14 प्रकारचे एसडीके तयार होतात. नाही दिली तर भाग कमी पडला की ‘एसडीके फोल्डरात लिहिता येत नाही’ असा एरर येतो. मुभा द्यायची नाही असं ठरलं. प्रकल्पाला लागणारा प्लॅटफॉर्म, बिल्ड-टूल्स, एनडीके आणि सीमेक (सी, सी++ कोड बांधणारं साधन) मॅडमनी ‘एसडीकेमॅनेजर’ने आधीच उतरवले आणि एका संगणकावरचा पूर्ण फोल्डर बाकीच्यांवर कॉपी केला. पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्ही बेभरवशाचे, त्यामुळे हा निर्णय पुढे फार उपयोगी पडला.

त्यानंतर व्हेरिएबल. ‘सेटएक्स’ नाही, विंडोजच्या व्हेरिएबलच्या खिडकीतूनच. खालच्या, सिस्टिमच्या भागात जावा_होमला जेडीके-17 चा पत्ता, ‘बिन’शिवाय, अँड्रॉइड_होमला डी ड्राइव्हवरचा पत्ता. पाथच्या यादीत एकच नवी ओळ: ‘%अँड्रॉइड_होम%\प्लॅटफॉर्म-टूल्स’. इथे एक बारकावा आहे. सिस्टिमच्या पाथमध्ये असा उल्लेख केला तर ते व्हेरिएबलही सिस्टिमच्याच भागात हवं. लॉगिनच्या भागात असेल तर विंडोज सिस्टिमचा पाथ उलगडेपर्यंत ते वाचलेलंच नसतं.

एवढं करून 8 संगणक सुरळीत झाले. 6 नाही झाले.

ते 6 म्हणजे मुलांनी आधी हात लावलेलेच. लॉगिनच्या भागात त्यांचं जुनं जावा_होम शिल्लक होतं, काहींत ‘बिन’सकट. एकाच नावाचं व्हेरिएबल दोन्हीकडे असेल तर लॉगिनचं जिंकतं. पाथ तेवढा अपवाद, तो जोडला जातो आणि त्यात सिस्टिमचा भाग पुढे असतो. ती जुनी व्हेरिएबल पुसली आणि पाथमधल्या सिस्टिमच्या नकला काढून व्हीएस कोड व एनपीएमच्या नोंदी परत घातल्या. एका संगणकावर दोन जुन्या मार्गदर्शिकांमुळे अँड्रॉइड_एसडीके_रूट हे दुसरं नावही होतं, वेगळ्या पत्त्यासह. दोन नावं दोन पत्ते दाखवू लागली की ग्रॅडल बिल्ड थांबवतो. हे नाव आता जुनं झालं आहे. ते काढून टाकलं.

एक संगणक तरीही अडला. जावा_होम डोळ्यांना अचूक दिसत होतं. मॅडमनी सीएमडीत ‘इको [%जावा_होम%]’ असं कंसात घालून विचारलं, तेव्हा उत्तरात शेवटचं अक्षर आणि बंद होणारा कंस यांच्यामध्ये एक रिकामी जागा दिसली. व्हॉट्सॲपवरून पत्ता कॉपी करताना ती बरोबर आली होती.

शेवटचा अडथळा प्रकल्पातच होता. ‘लोकल.प्रॉपर्टीज’ ही फाइल एका मुलाने घरच्या लॅपटॉपवरून गिटमध्ये चढवली होती. तिच्यातल्या ‘एसडीके.डीआयआर’ ओळीचं अँड्रॉइड_होमपेक्षा जास्त चालतं. त्यामुळे लॅबमधल्या प्रत्येक संगणकावर ग्रॅडल त्या मुलाच्या घरचा पत्ता शोधत होता. फाइल गिटच्या नोंदीतून काढली, ‘गिटइग्नोर’मध्ये तिचं नाव घातलं.

कन्नड नावाचा लॅपटॉप

घरी काम करणाऱ्या एका मुलीचं प्रकरण वेगळं निघालं, पण सीमाभागात ते कुणाच्याही वाट्याला येऊ शकतं. तिच्या लॅपटॉपवर विंडोजचं खातं उघडताना नाव कन्नड लिपीत टाइप केलं होतं, त्यामुळे सी ड्राइव्हवर तिचा फोल्डरही कन्नड नावाचा झाला. मराठीत लिहिलं असतं तरी हेच झालं असतं. अँड्रॉइड ग्रॅडल प्लगिन विंडोजवर प्रकल्पाच्या पत्त्यात इंग्रजीबाहेरची अक्षरं दिसली की बिल्ड थांबवतो. ती तपासणी बंद करायची सोय आहे, पण पुढे एनडीकेसारखी साधनं अडखळतात, म्हणून ती वापरली नाही.

सेटिंग्जमध्ये खात्याचं नाव बदलून फोल्डरचं नाव बदलत नाही. नवं खातं उघडणं हा खात्रीचा उपाय, पण त्या लॅपटॉपवर घरातल्या इतरांचीही कागदपत्रं होती. म्हणून प्रकल्प ‘डी:\काम’ अशा, पण इंग्रजी अक्षरांतल्या, फोल्डरात नेला. एसडीकेही तिकडेच. ग्रॅडल_युजर_होम आणि अँड्रॉइड_युजर_होम ही दोन व्हेरिएबल डी ड्राइव्हकडे वळवली, म्हणजे ग्रॅडलचा साठा आणि डिबग की कन्नड नावाच्या फोल्डरात जाणार नाहीत. बिल्ड झाला. सी ड्राइव्हवरची बरीच जागाही त्यामुळे मोकळी राहिली.

निष्पत्ती

चौथ्या दिवशी दुपारपर्यंत 14 ही संगणकांवर स्टुडंट लॉगिनच्या टर्मिनलमधून ॲप फोनवर गेलं. जुन्या वर्गाचा जावा 8 चा प्रोग्रॅमही त्याच दिवशी चालवून पाहिला, तो पहिल्यासारखा सुरू झाला.

तपासण्याचा क्रम आता लॅबमध्ये ठरून गेला आहे. नवी सीएमडी खिडकी. कंसातलं जावा_होम आणि अँड्रॉइड_होम. ‘वेअर एडीबी’, ज्याचं उत्तर एकच यायला हवं, कारण फोनच्या दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरबरोबर आलेला वेगळ्या आवृत्तीचा एडीबी पुढे सापडला तर दोघं एकमेकांचा सर्व्हर बंद पाडत बसतात. मग ‘ग्रॅडलडब्ल्यू --व्हर्जन’. आणि शेवटी रिॲक्ट नेटिव्हचा ‘डॉक्टर’, म्हणजे सगळी साधनं नीट बसली आहेत का ते तपासणारी कमांड. ‘जावा -व्हर्जन’ या क्रमात मुद्दाम ठेवलेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या एररलाच ‘ग्रॅडलडब्ल्यू --व्हर्जन’ची ओळ पाहायला हवी होती. त्या मुलाचा प्रश्न बरोबर होता. उत्तर शोधण्याऐवजी लगेच बदल सुरू झाले.

एसडीके ॲडमिनच्या ॲपडेटामध्ये टाकणं ही सुरुवातीची चूक. स्टुडिओचा पहिला विझार्ड एसडीके कुठे ठेवायचा ते विचारतो. तिथे ‘नेक्स्ट’ दाबण्याऐवजी डी ड्राइव्ह दिला असता तर हलवाहलव टळली असती. ज्या लॅबमध्ये एकाच संगणकावर दोन लॉगिन आहेत, तिथे हे पहिल्याच दिवशी ठरवलं पाहिजे.

रजिस्ट्रीची नोंद तिसऱ्या दिवशी नव्हे, पहिल्या दिवशी घ्यायला हवी होती. सातवा संगणक एका उघड्या राहिलेल्या मेट्रोच्या खिडकीवर तरला, आणि त्यावर कुणी विसंबून राहू नये.

जावा_होमला स्टुडिओतल्या ‘जेबीआर’चा पत्ता द्यावा का, यावर मॅडम आणि अण्णा यांचं एकमत झालं नाही. अण्णांचं म्हणणं, तसं केलं तर स्टुडिओ आणि टर्मिनल एकाच जावावर येतात आणि वेगळा जेडीके टाकावाच लागत नाही. मॅडमचं म्हणणं, स्टुडिओ अपडेट झाला की आतला जावाही बदलतो; पूर्वी तो ‘जेआरई’ नावाच्या फोल्डरात असायचा, तो ‘जेबीआर’ झाला तेव्हा तिकडे वळवलेली जावा_होम एका रात्रीत निकामी झाली होती. लॅबमध्ये स्वतंत्र जेडीके-17 ठेवला आहे, आणि स्टुडिओतली ‘ग्रॅडल जेडीके’ची सेटिंगही त्याच्याकडे वळवली आहे. एकच संगणक, एकच लॉगिन आणि एकच वापरणारा असेल तर अण्णांचा मार्ग सोपा पडेल.